प्रयोगशाळेचे दार आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापन दिनाला समिती आम्हाला बोलायला लावते आणि दरवर्षी आम्ही गिरणी, घरे आणि युनियन यांवरच बोलतो. यंदा समितीने विचारले, तेव्हा आम्ही सांगितले की यंदा विषय वेगळा आहे. बी.एस्सी. शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना कॅन्सरच्या आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुट्टीतले काम शिकायला मिळते, त्यावर बोलायचे आहे. सचिव आमच्या तोंडाकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुम्ही तर साचेखात्यातले, तुमचा याच्याशी काय संबंध?"

संबंध आहे. आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती आधी सांगतो, मग पुढचे बोलतो.

२०१८ सालची गोष्ट. आपल्याच चाळीतली एक मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एके दिवशी संध्याकाळी ती आणि तिची आई आमच्या खोलीवर आली. मुलीच्या हातात पत्र होते. परगावच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने काम करण्यासाठी तिची निवड झाली होती. राहण्याची सोय संस्थेची, वर थोडे विद्यावेतन. आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही चार पुस्तकं वाचलीत, तुम्ही सांगा. पाठवू का?"

आम्ही पत्र वाचले आणि पहिला प्रश्न विचारला, "नंतर तिथं नोकरी आहे का?" मुलगी म्हणाली, "नाही काका, फक्त शिकायला मिळतं." आम्ही म्हणालो, "मग दोन महिने फुकट कशाला राबायचं? आमच्या उमेदीची वर्षं बदली म्हणून गिरणीच्या गेटवर उभं राहण्यात गेली. काम मिळालं तर हाजरी, नाही तर घरी परत. तुझ्या नशिबी तरी ते नको. त्यापेक्षा सुट्टीत शिकवण्या कर, घराला हातभार लाव."

मुलगी काही बोलली नाही. पत्राची नीट घडी घातली आणि गेली. ती पुण्याला, बंगलोरला, कुठेच गेली नाही. शिकवण्या केल्या, बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली. पुढे एम.एस्सी. आणि संशोधनासाठी दोन-तीन ठिकाणी मुलाखतीला गेली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आला : "प्रयोगशाळेत काम केल्याचा काही अनुभव?" तिच्या बरोबरीच्या मुलांकडे तो होता. हिच्याकडे नव्हता.

ती मुलगी आज इथे बसली आहे. तिचीच परवानगी घेऊन आम्ही हे बोलतो आहोत. रविवारी ती आपल्या विहारात मुलांना विज्ञान शिकवते, आणि आज आम्ही जे सांगणार आहोत त्यातले निम्मे तिनेच आम्हाला समजावले आहे. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. पण बंधूंनो, चूक ती चूक. आम्ही तिच्या पत्रात आमची बदलीची चिठ्ठी वाचली.

आता ती चूक का होती, ते आमच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो.

इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे, की एके काळी मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना रिंग खाते मिळायचे, साचेखाते मिळायचे नाही. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. आपल्या माणसाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा कामगार तोंड कसे लावणार? म्हणून आपल्याला ते खातेच बंद. आणि जास्त पगार कुठे? साचेखात्यात. आमचे आजोबा जन्मभर रिंग खात्यातच राहिले. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उभा केला. मजूर म्हणून एक व्हा म्हणता, तर आमच्या माणसांना विणायला का बसू देत नाही, असा तो रोखठोक सवाल होता.

आम्ही १९८९ साली गिरणीत लागलो, तेव्हा ते दार उघडलेले होते. पण दार उघडे असले म्हणून काम येते का? चार महिने आम्ही एका जुन्या विणकराच्या पाठीमागे नुसते उभे होतो. ताणा तुटला की गाठ कशी मारायची, साचाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. दहा गाठी सुटल्या तेव्हा अकरावी बसली. त्या चार महिन्यांचा पगार आम्हाला मिळाला नाही, पण त्याच चार महिन्यांवर २०२० साली गिरणीचा भोंगा थांबेपर्यंत आमचे घर चालले.

मग सांगा, साचावर उभे राहिल्याशिवाय विणकर होत नाही, तर प्रयोगशाळेत उभे राहिल्याशिवाय शास्त्रज्ञ कसा होईल? हे आम्हाला कळायला हवे होते. त्या मुलीला आलेले पत्र म्हणजे साचेखात्यात शिरण्याचा पास होता. आणि तो आम्ही आमच्या हाताने परत पाठवला.

आता कुणी विचारील, दोन महिन्यांत तिथे पोरं करतात तरी काय? भांडी घासतात?

सुरुवातीला भांडीही धुवावी लागतात, त्यात कमीपणा नाही. कॅन्सरच्या प्रयोगशाळेत माणसाच्या शरीरातल्या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत वाढवतात. त्यांना गुलाबी रंगाचे पोषक पाणी घालतात. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या अंगात असते तेवढीच ऊब देतात आणि हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवतात. स्वच्छता इतकी, की एक जंतू शिरला तर महिन्याचे काम वाया. विद्यार्थी आधी हे राखायला शिकतो. मग मायक्रोपिपेट नावाचे हातात धरायचे साधन वापरायला शिकतो. त्याने लिटरचा दहा लाखावा भाग मोजता येतो. मग पेशीतून डीएनए वेगळा काढणे, पीसीआर यंत्रात त्याच्या प्रती वाढवणे, जेलवर त्याचे तुकडे लहानमोठे लावून बघणे, आणि रोज काय केले, काय बिघडले ते वहीत तारखेसह लिहिणे. ही वही फार महत्त्वाची. फसलेला प्रयोगसुद्धा तिच्यात प्रामाणिकपणे लिहावा लागतो.

एक गंमत सांगतो. पूर्वी प्रयोगशाळेतही नळीला तोंड लावून पाणी ओढत, आपल्या धोट्यासारखेच! त्यात विषारी द्रव, जंतू तोंडात जाण्याचा धोका. १९५७ साली जर्मनीत हाइनरिख श्निट्गर नावाच्या डॉक्टरने या मायक्रोपिपेटची युक्ती काढली आणि पुढे तोंडाने ओढण्याला बंदीच आली. तोंडाचे कारण सांगून आपल्याला एका खात्याबाहेर ठेवले होते, या खात्यात तोंडाचे कामच उरलेले नाही.

आता कॅन्सर म्हणजे काय, तेही साचाच्या उदाहरणाने सांगतो. पेशीच्या आत डीएनए असतो, तो म्हणजे कापडाचे डिझाइन. पेशी दुभंगते तेव्हा त्या डिझाइनची नक्कल होते. नक्कल चुकली, की पुढच्या प्रत्येक वारात तीच चूक उतरते. आपल्या साचाला एक सोय असते, ताण्याचा धागा तुटला की साचा आपोआप थांबतो. पेशीतही तशी सोय आहे. पी-५३ नावाचे एक प्रथिन आहे, १९७९ साली ते सापडले. डीएनए तुटला-बिघडला तर ते पेशीला थांबवते, दुरुस्ती होऊ देते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरू देते. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये या पी-५३ चे जनुकच बिघडलेले आढळते. म्हणजे थांबवणारी कळ मोडली आणि साचा धडाधड चालूच राहिला. तंबाखूतली रसायने याच डिझाइनवर घाव घालतात. आमच्या खात्यातल्या एका जिवलग मित्राचा जबडा असाच गेला. पाळीला जाताना चुना-तंबाखूची डबी, पाळीवरून येताना डबी. त्याला घेऊन आम्ही वर्षभर इस्पितळाच्या खेपा घातल्या. त्याच्या बायकोने आम्हाला विचारले होते, "भावजी, हे कशामुळं होतं?" तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही.

आणि बंधू-भगिनींनो, हे संशोधन कुठल्या परक्या मुलखात सुरू झाले असे समजू नका. आपल्या परळमध्ये, गिरण्यांच्या धुराड्यांच्या सावलीत ते सुरू झाले. १८९९ साली प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा परळला आली, तीच आजची हाफकिन संस्था. १९४१ साली टाटा मेमोरियल इस्पितळ सुरू झाले. डॉ. वसंत खानोलकर यांनी तिथे कॅन्सर संशोधनाचा पाया घातला आणि पुढे परळला कॅन्सर संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या. १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्या कामाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरवर त्यांनी उंदरांवर संशोधन केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ते परळचे केंद्र २००२ साली खारघरला नव्या जागेत गेले. त्यालाच आज ॲक्ट्रेक म्हणतात.

याच परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब राहात होते, अभ्यास करत होते. म्हणजे ज्ञान आपल्या दारात होते. पण आपली माणसे त्या इमारतींत गेली ती केसपेपर हातात घेऊन. पांढरा कोट घालून किती गेली?

जॉर्ज गाय यांचे नाव निघाले म्हणून एका बाईची हकीकत सांगतो. ती प्रत्येक आईने ऐकावी. हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतली काळी बाई, तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ साली तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढला आणि तिला न विचारता तो गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या पेशी मेल्या नाहीत, वाढतच राहिल्या. 'हेला' या नावाने आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वापरतात. पोलिओच्या लसीच्या कामातही त्या उपयोगी पडल्या. बाई त्याच वर्षी एकतीस वर्षांची असताना गेली. तिच्या मुलांना ही गोष्ट वीसेक वर्षांनी कळली. २०२३ साली एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली, तोवर सत्तर वर्षे उलटली होती.

यातून आम्ही काय घेतो? विज्ञान वाईट आहे, असे नाही. त्या पेशींनी लाखोंचे जीव वाचवायला मदत केली. पण त्या खोलीत निर्णय घेणाऱ्यांमध्ये तिच्या समाजाचे कुणी नव्हते. गरिबाचा देह प्रयोगशाळेत सहज पोचतो, गरिबाची बुद्धी पोचत नाही. ती पोचवायची असेल तर आपल्या पोरांना विद्यार्थी असतानाच आत शिरावे लागेल.

आणि विद्यार्थी असताना शिरून काय होते, त्याचाही दाखला देतो. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर नावाची प्रयोगशाळा आहे. १९५९ साली तिने कॉलेजच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधनाला घ्यायची योजना सुरू केली. त्या पहिल्या तुकडीत डेव्हिड बाल्टिमोर नावाचा एक मुलगा होता. त्याआधी शाळेत असतानाही तो जॅक्सन लॅबोरेटरी या दुसऱ्या प्रयोगशाळेत एक उन्हाळा राहिला होता आणि तिथे त्याला हॉवर्ड टेमिन भेटला, तोही असाच सुट्टीत प्रयोगशाळेत रमणारा. पुढे १९७० साली कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूंवर काम करताना दोघांनी वेगवेगळे राहून एकच शोध लावला, आरएनएवरून डीएनए तयार करणारे विकर. इंग्रजीत त्याला रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज म्हणतात. १९७५ साली दोघांना रेनाटो डुल्बेको यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही म्हणाल, त्या विकराचा आपल्याशी काय संबंध? २०२० साली कोरोनात आपल्या नाकात काडी घालून जी तपासणी केली, ती आर.टी.-पी.सी.आर. त्यातले 'आर.टी.' म्हणजे हेच विकर. कॅन्सरचा शोध घ्यायला निघालेल्या दोन मुलांची सुट्टी पन्नास वर्षांनी आपल्या चाळीच्या कामी आली.

आता कामाचे बोलतो. मुलांनी वहीत लिहून घ्यावे.

पहिले : देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन आणि गाडीभाडे. दुसरे : आपल्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००४ साली 'नियस' नावाचा उपक्रम सुरू झाला. तिसरे : कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी तिथे रेण्वीय जीवशास्त्राचे काम सुरू केले. तिच्या उन्हाळी विद्यार्थी योजनेत जीवशास्त्रही आहे. चौथे : पुण्याची आयसर आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आणि खारघरचे ॲक्ट्रेक. यांच्या जाहिराती आणि अटी दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचाव्यात. उन्हाळ्यातल्या कामाचे अर्ज बरेचदा पावसाळा संपल्यापासून हिवाळ्यापर्यंत भरावे लागतात. परीक्षा झाल्यावर शोधायला निघालात तर गाडी गेलेली असते.

अर्जाला काय लागते? गुणपत्रिका, एका-दोघा प्राध्यापकांचे शिफारसपत्र, आणि 'मला हे काम का करायचे आहे' यावर एक पान. ते पान दुसऱ्याचे उतरवू नका. आपल्या घरातल्या दुखण्यातून प्रश्न पडला असेल तर तसेच लिहा. शिफारसपत्र हवे असेल तर पहिल्या वर्षापासून प्राध्यापकांना प्रश्न विचारा. मागच्या बाकावर बसून राहणाऱ्याला ते ओळखणार कसे? थेट शास्त्रज्ञांना पत्र पाठवायचे असेल, तर आधी त्यांचे काम वाचा आणि मग चार ओळींत लिहा. वीस पत्रांना उत्तर येणार नाही, एकविसाव्याला येईल. आणि सावध राहा : पैसे घेऊन पंधरा दिवसांत 'संशोधनाचे सर्टिफिकेट' देणारी दुकाने निघाली आहेत. जिथे हातात पिपेट न देता आधी फी मागतात, तिथे चौकशी केल्याशिवाय एक रुपया भरू नका.

आई-वडिलांशी दोन शब्द. कॅन्सर हा संसर्गाचा रोग नाही, त्या प्रयोगशाळेत काम केले म्हणून मुलीला तो लागत नाही. काही रसायने जपून हाताळावी लागतात, त्याचे नियम असतात, ते आधी शिकवतात. मुलीला दोन महिने परगावी कसे पाठवायचे, ही काळजी आम्हाला कळते. वसतिगृह पाहून या, तिथल्या मुलींशी बोला, पण काळजीच्या नावाखाली दार लावून घेऊ नका. तिथे सगळे सुरळीत असेल, कुणी आडनाव विचारणार नाही, इंग्रजीवरून हसणार नाही, असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण साचेखात्यातही पहिल्या दिवशी आपल्याला कुणी हार घालून नेले नव्हते. पोर एकटे पडणार नाही, एवढी जबाबदारी आपण घेऊ शकतो. रोज रात्री एक फोन करा.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. प्रयोगशाळेत दुसरे काय करतात? म्हणून हा विषय विहारात बोलायचाच आहे, अशी आमची धारणा आहे.

शेवटी समितीला तीन विनंत्या. एक, विहाराच्या फलकावर एक कोपरा या जाहिरातींसाठी ठेवावा आणि अर्जाच्या शेवटच्या तारखा मोठ्या अक्षरात लिहाव्यात. ते काम आमच्याकडे द्या, अक्षर आमचे बरे आहे. दोन, वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी. विद्यावेतन बऱ्याचदा उशिरा हातात पडते, पहिल्या महिन्याच्या जेवणाखाणाला आणि तिकिटाला पोराला उसने द्यावे, त्याने ते सावकाश फेडावे. तीन, त्या मुलीला, म्हणजे आपल्या विज्ञानाच्या ताईला, या कामाची प्रमुख नेमावे. तिने यंदा चार मुलांचे अर्ज भरून घ्यायला घेतले आहेत. पाचवा अर्ज तिचा स्वतःचा आहे. वय निघून गेले म्हणून ती भरत नव्हती. आम्ही या वेळी तिच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाई, २०१८ साली आम्ही चुकीचं सांगितलं. आता बरोबर सांगतो. भर." एका प्रयोगशाळेत सहायकाच्या जागेचा तो अर्ज आहे. होईल किंवा होणार नाही. पण या वेळी पत्र आले, तर त्याची घडी घालून ठेवायला आम्ही कुणाला सांगणार नाही.

आमच्या आजोबांना साचेखात्याचे दार दिसत होते, पण आत जाता आले नाही. आमच्या पिढीला आत जाता आले. आमची नातवंडे कुठल्या दारातून आत जातात, ते बघायला आम्ही थांबलो आहोत.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम! नमो बुद्धाय!